न हलणारं टेबल

वीसएक वर्षं मी लोखंडाच्या वस्तू कागदावर बनवल्या. भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात माझी नोकरी होती. वर पोटमाळ्यावर बसून मी ड्रॉइंग काढायची आणि खाली त्या ड्रॉइंगवरून स्टँड, ट्रॉल्या, मशीनच्या फ्रेमा तयार व्हायच्या. जेवणाच्या सुट्टीत डबा पटकन संपवून मी खाली जायची. खालची माणसं आधी हसली, मग त्यांनी माझ्या हातात वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर दिला, डोळ्यांपुढे धरायची काळी काच दिली, आणि "मॅडम, हाथ मत हिलाओ" एवढं एकच वाक्य वर्षभर ऐकवलं. हळूहळू माझा हात हलायचा थांबला. मला वेल्डिंग येऊ लागलं. पण ती सुट्टीतली गंमत होती. दोनाच्या ठोक्याला मी परत वर, माउस हातात.

मग कंपनीने काम गुजरातला हलवलं. आम्हाला हिशोब मिळाला आणि एक मोठा पेढ्यांचा बॉक्स. घरी आले तर सासरे ओट्यावर बसले होते. त्यांना सांगितलं, "बाबा, नोकरी गेली." ते म्हणाले, "गेली तं गेली. मिठागरं पन गेलीच ना. आपन हाव ना अजून?"

आमचं घर खारी गावातलं. आता चारी बाजूंनी सात-सात मजली सोसायट्या उभ्या आहेत आणि मध्ये आमची पंधरा-वीस बैठी घरं. माझं माहेर गिरगावातलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा घराच्या मागच्या खोलीत मिठागरावरची अवजारं आणि भाताची पोती असायची. पुढे शेतीही राहिली नाही, तरी खोली तशीच भरलेली. नोकरी गेल्यावर महिन्याभरात मी एक छोटं वेल्डिंग मशीन आणि ग्रायंडर आणला आणि बाबांकडे ती खोली मागितली. त्यांनी एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच काठी टेकत आत गेले आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागले. मी धावले तर म्हणाले, "तू मधी येऊ नको. माझं मी काडतो."

खोली मिळाली, पण त्यात टेबल नव्हतं. मी जमिनीवर उकिडवी बसून काम करायची. छोट्या खिडक्यांच्या ग्रिल, चपलांचे स्टँड, कुणाच्या गच्चीवरचा दरवाजा. खोलीची जमीन जुन्या कोब्याची, मध्ये खोलगट, दाराकडे चढती. अशा जमिनीवर ठेवून जोडलेली वस्तू त्या जमिनीसारखीच होते. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या एका बाईंसाठी मी स्वयंपाकघराची ग्रिल केली होती. ती घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले, खिडकीत लावायला गेले, तर तीन कोपरे भिंतीला टेकले आणि चौथा बाहेर आला. बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ये तो पापड जैसा हो गया, नहीं?" मी ग्रिल उचलली आणि परत आणली. रिक्षात ती मांडीवर आडवी धरून बसले होते. घरी पोचेपर्यंत मनाशी पक्कं झालं होतं: आधी टेबल. बाकी सगळं नंतर.

टेबल म्हणजे चार पाय आणि वर फळी नव्हे. वेल्डिंगचं टेबल सपाट पाहिजे, आणि सपाट राहायला पाहिजे. त्यावर हातोडा मारला तरी ते जागचं हलता कामा नये. म्हणजे ते जड पाहिजे, नुसतं जड नव्हे, भलतंच जड. मी ड्रॉइंग काढलं. हे ड्रॉइंग दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार नव्हतं. पाच फूट बाय तीन फूट, वर सोळा एमएमची पोलादी प्लेट, खाली चौकोनी जाड पाइपची फ्रेम आणि पाय.

माझ्या नवऱ्याने कागद पाहिला. तो बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे, वजनं त्याला कळतात. "अगं, हे अडीचशे किलो होईल. खोलीत नेणार कसं?"

"ते बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू."

मोठ्या जाऊबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. मी त्यांना ताई म्हणते. त्यांचं माहेर पाली गावचं, उत्तनजवळ समुद्राकाठचं. वडील-भाऊ सगळे मासेमारीतले. ताई घरी ब्लाउज शिवतात, आणि बोलतात ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "अगो बाय, टेबलाला हत्ती बांधायचाय का?"

प्लेट शोधायला मी आणि ताई काशीमिऱ्याच्या भंगारवाल्यांकडे फिरलो. माझ्याबरोबर येण्याचं त्यांना तसं काही कारण नव्हतं, पण घरात बसून राहण्यापेक्षा हे बरं, असं त्या म्हणाल्या. दोन-तीन ठिकाणी मिळाल्या त्या प्लेटा वाकलेल्या होत्या. एका वखारीत मागच्या भिंतीला टेकवलेली एक प्लेट दिसली. गंजलेली, पण कडा जाड आणि स्वच्छ कापलेल्या. मी पिशवीतून सरळ पट्टी काढली, प्लेटवर उभी धरली आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते पाहिलं. आडवी, उभी, तिरकी, दुसऱ्या बाजूनेही. कुठेही उजेड नव्हता. मालक बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "मॅडम, लोहा है. सोना नहीं है."

ताई म्हणाल्या, "भैया, उसको देखने दो. वो कपडा भी ऐसाच लेती है." हे खरं नव्हतं. कपडे मी कसेही घेते.

टेम्पो गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. आमची गल्ली पुढे इतकी निमुळती होते की स्कूटरही जपून न्यावी लागते. टेम्पोवाल्याने आणि त्याच्या दोन माणसांनी प्लेट रस्त्यावर उतरवली, घाम पुसला आणि "अब आपका काम" म्हणून निघून गेले. गल्लीच्या तोंडाशी आडवी पडलेली ती प्लेट, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी.

पायांसाठी म्हणून आणलेला चौकोनी पाइप घरंगळवायला उपयोगाचा नव्हता, पण घरामागे जुन्या पाण्याच्या लाइनचे गोल पाइप पडलेले होते. मी ते आणून प्लेटखाली सरकवायचं ठरवलं, म्हणजे ती त्यांच्यावरून घरंगळत जाईल. ताईंना हे सांगताच त्यांचा चेहराच बदलला. "असा बोल ना! होडी वडायची हाय म्हन." पदर खोचून त्या पुढे झाल्या.

पहारीने एक कड उचलून पहिला पाइप आत गेला. मग दुसरा. दोर बांधला. तेवढ्यात मागच्या सोसायटीचे सेक्रेटरी भाजीची पिशवी घेऊन आले. त्यांचा रस्ता तोच. "अरे, ये क्या रख दिया? पूरा रास्ता बंद है."

"पाच मिनट, भाई," मी म्हटलं.

"पाच मिनट में ये जायेगा?"

"आप हाथ लगाओगे तो जायेगा," ताई म्हणाल्या.

त्यांनी पिशवी कुणाच्या तरी ओट्यावर ठेवली आणि खरंच हात लावला. मग समोरच्या घरातला इस्त्रीवाला आला, दूध टाकणारा आला. ताई पुढे उभ्या राहून हाळी द्यायच्या, पालीच्या किनाऱ्यावर होडी ओढताना देतात तशी, आणि सगळे एकदम ओढायचे. मागे मोकळा झालेला पाइप मी उचलून पळत पुढे आणून ठेवायची. प्लेट हळूहळू, पाइपांवर खडखडत, गल्लीतून सरकत होती. खिडक्यांमधून लोक बघत होते. वळणावर ती अडली. कुणाची तरी स्कूटर लावलेली होती आणि मालक घरी नव्हता. चौघांनी स्कूटरच उचलून बाजूला ठेवली. पाच मिनिटांचे दोन तास झाले, पण दुपारच्या जेवणाआधी प्लेट मागच्या खोलीत होती. सेक्रेटरी जाताना म्हणाले, "बन जाये तो दिखाना." पिशवीतली कोथिंबीर कोमेजून गेली होती.

मग खरं काम सुरू झालं. रोज घरातलं आवरून मी खोलीत जायची. गंज काढायलाच काही दिवस गेले. ग्रायंडरला तारेचा ब्रश लावून घासलं की तपकिरी धूळ उडायची आणि खालून करडं, थंड पोलाद वर यायचं. तोंडाला फडकं बांधूनही माझ्या थुंकीला लोखंडाची चव यायची. ताई दारातून चहाचा कप आत सरकवायच्या आणि पळून जायच्या.

टेबल उलटं बांधायचं होतं. म्हणजे प्लेट जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर पालथी घालायची, ती पाणसळ लावून समतल करायची, आणि तिच्यावरच फ्रेम रचून पाय आकाशाकडे उभे करायचे. चौकोन गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे बघायला दोन्ही कर्ण मोजतात; दोन्ही सारखे आले की कोपरे बरोबर. माझे पहिल्यांदा सारखे आले नाहीत. हातोड्याने हलकेच ठोकून, परत मोजून, परत ठोकून आणले. टेपचं दुसरं टोक धरायला ताई लागायच्या. वेल्डिंग आधी सगळीकडे फक्त टाक्यांएवढं करायचं असतं, म्हणजे चूक असली तर तोडता येते. हे मी ताईंना समजावलं, तर त्या म्हणाल्या, "म्हंजे आमचे कच्ची शिलाई." अगदी तेच.

पाय उभे राहिले. आडव्या पट्ट्या लागल्या. प्रत्येक पायाच्या टोकाला मी मोठा नट जोडला आणि त्यात जाड बोल्ट बसवला, म्हणजे जमीन कशीही असली तरी बोल्ट फिरवून टेबल समतल करता येईल. शेवटी फ्रेम प्लेटला कायमची जोडायची होती. त्या दिवशी पाहुणे येणार होते आणि मला लवकर आवरायचं होतं. एक बाजू मी सलग जोडत गेले. वेल्डिंगची रेघ सुंदर आली, एकसारखी, माशाच्या खवल्यांसारखी. मी खूश होते.

टेबल उलथवायला मी हाताने साखळी ओढायची चेनकुप्पी भाड्याने आणली. खोलीत वर एक लोखंडी गर्डर आहे. भाताचा मोठा काटा त्यालाच टांगायचे. तरी मी त्याच्याखाली दोन्ही बाजूंना पाइपचे टेकू लावले. रविवार होता, नवरा घरी होता. तो साखळी ओढत होता, मी आणि ताई टेबलाला दिशा देत होतो, बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. टेबल जमिनीवरून उचललं गेलं, कलतं झालं, आणि एका क्षणी सगळं वजन एका अंगाला जाऊन ते गर्रकन फिरलं. एक पाय भिंतीवर आदळला. गिलाव्याची एक मोठी पापडी खाली पडली. आम्ही तिघं बाबांकडे वळलो. मग बाबा म्हणाले, "भित माझी हाय. चालू ऱ्हा."

टेबल पायांवर उभं राहिलं. मी बोल्ट फिरवले, पाणसळ ठेवली, फुगा मध्ये आणला. नवऱ्याने दोन्ही हातांनी टेबल हलवून पाहिलं. ते हललं नाही. त्याने कमरेने धक्का दिला. नाही हललं. ताईंनी टाळी वाजवली.

मग मी सरळ पट्टी काढली. आडवी धरली, ठीक. तिरकी धरली, आणि पट्टीखालून उजेड दिसला. एका कोपऱ्याकडे, बारीक, पण दिसत होता. जी बाजू मी घाईने सलग जोडली होती, तीच. वेल्डिंगचं पोलाद थंड होताना आकसतं आणि बरोबर सगळं ओढून घेतं. हे मला माहीत होतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मी स्वतःच लिहिलं होतं, की थोडं-थोडं आणि समोरासमोर जोडायचं.

"किती हाय?" ताईंनी विचारलं.

"दोन एमएम असेल."

"म्हंजे केवढा?"

मी बोटांच्या चिमटीत दाखवलं. त्यांना चिमटीत काही दिसलं नाही. "ह्ये कोनाला दिसनार हाय?"

"मला दिसतंय."

नवरा माझ्याकडे बघत होता. मला ठाऊक होतं, त्याने "राहू दे" म्हटलं असतं तर मी राहू दिलं असतं. खांदे भरून आले होते. पण तो म्हणाला, "चेनकुप्पी उद्या परत करायची होती. दुकानवाल्याला फोन करून सांगतो, आणखी आठवडाभर लागेल."

टेबल परत उलटं झालं. मी ग्रायंडरला कापायची चकती लावली आणि ती सुंदर रेघ कापून काढली. ठिणग्यांचा फवारा भिंतीपर्यंत जात होता. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा प्लेटमधून 'टंग' असा आवाज आला आणि ती सरळ झाली. आवाज ओट्यापर्यंत गेला. बाबांनी बाहेरून विचारलं, "काय तुटला?"

"तुटलं नाही बाबा, सुटलं!"

या वेळी मी घाई केली नाही. फ्रेम आणि प्लेटमध्ये जिथे फट होती तिथे पातळ पत्र्याचे तुकडे सरकवले. बोटभर लांबीची एक रेघ इकडे, मग समोरच्या बाजूला, मग थांबायचं, हात लावून बघायचं, गार होऊ द्यायचं. मधल्या वेळात ताई शेजारी स्टुलावर बसायच्या. एकदा म्हणाल्या, "मना करू दे ना एक."

मी त्यांना जाड सुती कपडे घालून यायला सांगितलं. त्या माझ्या मोठ्या दिरांचा जुना शर्ट आणि पँट घालून, केसांना फडकं बांधून आल्या. मी माझं वेल्डिंगचं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर चढवलं, हातमोजे दिले, एका भंगाराच्या तुकड्यावर सराव करायला लावला. पहिल्यांदा रॉड चिकटला, त्या ओरडल्या. दुसऱ्यांदा चिकटला, त्यांनी शिवी दिली. मग लख्ख ठिणगी पेटली आणि टिकली. मी जुनी काच डोळ्यांवर धरून बघत होते. "हात हलवू नका," मी म्हटलं, आणि ऐकता-ऐकता मलाच हसू आलं. तीन-चार दुपारी त्यांनी त्या भंगारावर घालवल्या. मग मागच्या पायाजवळची एक रेघ मी त्यांना दिली. ती थोडी जाड आहे, एके ठिकाणी फुगलेली आहे, पण पक्की आहे. मी छन्नी मारून पाहिली. ताईंनी हेल्मेट वर केलं तेव्हा चेहरा घामाने निथळत होता. "माझे हातचा लोखंड जोडला गं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा, "जोडला."

दुसऱ्यांदा टेबल उलथवताना आम्ही त्याला मागून दोर बांधला. ते शांतपणे फिरलं. बोल्ट फिरवून झाल्यावर मी पट्टी धरली. आडवी. उभी. एक तिरका कर्ण. मग दुसरा, जिथे उजेड दिसला होता. मी खाली वाकले, एक डोळा मिटला.

उजेड नव्हता.

मी पट्टी ताईंच्या हातात दिली. त्यांनीही एक डोळा मिटून पाहिलं, मग नवऱ्याने, मग बाबांनीही मागितली. त्यांना आता त्या अंतरावरचं नीट दिसत नाही, पण त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "न्हाय. कायच न्हाय." मी टेबलावर दोन्ही तळवे टेकून उभी राहिले. इतकी वर्षं माझ्या ड्रॉइंगवरून कितीतरी गोष्टी बनल्या आणि ट्रकमधून निघून गेल्या. ही पहिली, जिच्यावर मी हात टेकून उभी होते. आतून इतकं भरून आलं होतं की मला कुणी विचारलं असतं तर मी त्या टेबलावर चढून नाचले असते.

टेबल झाल्यावर कामं बदलली. गावदेवीच्या देवळाचं गेट गंजून कुजलं होतं, आणि गावातल्या मंडळींनी ते मला करायला सांगितलं. बाबांनी शब्द टाकला असेल असं मला वाटलं, पण त्यांनी नाही म्हटलं; सेक्रेटरींनी टेबल बघून जाऊन गावभर सांगितलं होतं. दोन पाखांचं, म्हणजे दोन झडपांचं गेट होतं. दोन्ही पाखं मी टेबलावर एकामागून एक आडवी ठेवून, टेबलाला शिकंज्यांनी आवळून जोडली. शिकंजे सोडल्यावर ती उसळली नाहीत, वाकली नाहीत, जशी होती तशी पडून राहिली. एकावर एक ठेवली तर चारी कोपरे जुळत होते.

बसवलं त्या दिवशी बाबांना रिक्षाने देवळाशी नेलं. गेटच्या दोन पाखांमध्ये वरपासून खालपर्यंत एकसारखी, बोटाएवढी फट होती. बाबांनी काठी ताईंकडे दिली आणि एका बोटाने गेट ढकललं. ते आवाज न करता उघडलं. त्यांनी ओढलं, ते मिटलं. त्यांनी परत ढकललं. मागे हार घेतलेली दोन-चार माणसं येऊन थांबली. एक बाई म्हणाल्या, "आजोबा, दर्शनाला जायचं होतं."

"थांब जरा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी परत गेट मिटलं. "आमचे सुनंनी केलाय. बग, कसा चालतो."

ती बाई थांबली. सगळेच थांबले. बाबांनी आणखी एकदा ते उघडून दाखवलं, आणि मग बाजूला होऊन सगळ्यांना आत जाऊ दिलं.